वजनात घट : नगण्य

जून लागला की कुताइसीत
घरोघरी हिरवी आलुबुखारं शिजतात,
आंबट वास जिन्यावरून चढत
माझ्या भाड्याच्या खोलीपर्यंत येतो.

शेजारची लामारा पातेलं घेऊन आली,
दिरानं भंगारातून ओतलेलं,
मोडीत काढलेल्या विमानाचा पत्रा वितळवून.
हलकं आहे, म्हणाली, आणि फुकट.

त्सियालानं ते हातावर तोललं,
नखानं वाजवलं,
म्हणाली, तांबं आहे ह्यात.
लामारा हसली.
पांढऱ्याशुभ्र भांड्यात कसलं तांबं?

एकतीस वर्षं त्सियाला
काचेच्या आकड्याला पत्र्याचे तुकडे टांगत होती,
काडेपेटीएवढे,
आणि ॲसिडात सोडत होती.
नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायची :
आधी काहीच होत नाही.
कंटाळा येईल. बसून राहा.

हवा लागली की हा धातू
स्वतःवर साय धरतो.
दिसत नाही, बोटाला लागत नाही.
लोखंडासारखं तांबडं रडगाणं ह्याच्याकडे नाही;
वर्षानुवर्षं त्या सायीखाली झाकून असतो.
ॲसिडाला घाई नसते.
ते आधी सायीशी बोलतं.

मग एक बुडबुडा.
मग त्याच जागेवरून दुसरा.
बुडबुडे मोजू नका, ती म्हणायची,
जागा लिहून ठेवा.

भिंगाखाली दिसायचं :
बळ यावं म्हणून घातलेल्या तांब्याचे दाणे
ढिम्म बसलेले,
आणि त्यांच्या कडेकडेनं
ॲल्युमिनियम उठून चाललेलं.
ती ह्यावर काही बोलत नसे.
खोली अमुक, रुंदी तमुक,
शाई निळी.

आमच्याकडे गंज चढतो तोही गंज
आणि ज्यात वरण शिजतं ते भांडंही गंजच.
हे मला तिला सांगायचं होतं.
माझं जॉर्जियन दूध-अंडी-भाड्यापुरतं.
राहिलं.

ज्या हिवाळ्यात वीज गेली
आणि मार्चपर्यंत आलीच नाही,
सत्तेचाळीस नंबरचा तुकडा
तसाच विसरला होता,
सौम्य ॲसिड, चिमूटभर मीठ, बंद खोली.
ती मेणबत्ती घेऊन गेली,
तुकडा धुतला, वाळवला,
तराजूत ठेवला, पुन्हा ठेवला.
वहीत लिहिलं : वजनात घट, नगण्य.
आणि सवयीनं ज्योतीसमोर धरला
तर ज्योतीचं एक टाचणीएवढं टोक
पत्र्यातून तिच्याकडे बघत होतं.

त्याच आठवड्यात नुगझारचं पत्र आलं, परमुलुखातून.
काम मिळालं, खोली उबदार आहे, सगळं ठीक.
तिनं तेही मेणबत्तीसमोर धरलं.

हे तिनं मला सांगितलं नाही.
तिच्या मुलानं सांगितलं, दारू पिताना,
आणि नंतर म्हणाला, तुला भूक लागली असेल.

तर लामाराशी ती वाद घालत बसली नाही.
उकळता रस डावभर
त्या पातेल्यात ओतला, फडकं झाकलं,
म्हणाली, सकाळी ये.

सकाळी रसाच्या रेषेखाली
पातेलं काळवंडलेलं,
इथे-तिथे सुईनं टोचल्यासारखं,
आणि रस कळकलेला.
लामारानं जिभेवर थेंब घेतला
आणि तोंड वाकडं केलं. मग बराच वेळ
पातेल्याच्या बुडाकडे बघत राहिली,
जसं आपण बघतो
पैसे न पडलेल्या गोष्टीच्या किमतीकडे.

आता ते तिच्या जिन्याशी असतं,
आत माती, मातीत जांभळा सब्जा.
पाणी निथळावं म्हणून
ती हातोडी-खिळा घेऊन आली,
तेव्हा त्सियाला खिडकीतूनच ओरडली :
राहू दे.
उरलेला रस टाकत जा त्यात.
थोडं थांब.